दादर आलं

शाळेत आम्ही अलंकार शिकलो ते 'जणू', 'जसा' या शब्दांखाली रेघा मारून, आणि पेपरात गुण पदरात पडले की त्या संज्ञांशी आपला संबंध संपला, असेच आम्ही धरून चालत होतो. लक्षणा, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ जुळत नाही तेव्हा त्याला लागून असलेला दुसरा अर्थ घेणे, हे नेमके काय ते मला पुष्कळ वर्षांनी चर्चगेटहून सुटलेल्या धीम्या गाडीत उमगले. प्रभादेवी सुटताच मागून कुणीतरी म्हणाले, 'चला, दादर आलं.' दादर काही कुठून आले नव्हते. ते जागेवरच होते, आलो होतो आपण, तेही ढकलले जात.

मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराने 'काव्यप्रकाश' या ग्रंथात 'गंगायां घोषः', म्हणजे 'गंगेवर गवळीवाडा', हे उदाहरण घेतले आहे. गवळीवाडा पाण्याच्या प्रवाहावर वसणे शक्य नाही, म्हणून मुख्य अर्थाला बाध येतो, आणि प्रवाहाला खेटून असलेला काठ हा अर्थ घ्यावा लागतो. मग सरळ 'काठावर' असेच का म्हटले नाही? तर गंगेचा गारवा आणि पावित्र्य त्या वाडीला लाभावे म्हणून. संध्याकाळी 'आम्ही समुद्रावर गेलो होतो' असे जेव्हा आपण सांगतो, तेव्हा पाय बुडालेले असतात वाळूत आणि हातात असते भेळ. पण 'वाळूत गेलो होतो' म्हटले तर त्यात वारा येत नाही. 'दादर आलं' मागे असा हेतू नाही, ती नुसती रूढी. 'ए रिक्षा' म्हटल्यावर रिक्षावाला वळून पाहतो, तेही तसेच.

व्यंजना, म्हणजे न बोललेला अर्थ सुचवणारी शब्दाची शक्ती, याहून चतुर. 'सूर्य मावळला' एवढ्याच वाक्यातून गुराख्याला गुरे वळवायची आठवण होते, तर वाट पाहणाऱ्या प्रेयसीला प्रियकर अजून आला नाही हे बोचते, असे जुने शास्त्रकार सांगतात. आमच्या कचेरीत जुलैतल्या एका दुपारी बदलापूरला राहणारे सहकारी खिडकीकडे पाहत, कुणालाही उद्देशून नव्हे अशा सुरात म्हणाले, 'पाऊस वाढलाय.' विरारच्या बाईंनी तत्काळ डबा पिशवीत घातला. मला कुर्ल्याचे बुडालेले रूळ दिसू लागले. शिपायाने तर छत्रीच उघडून पाहिली.

साहेबांनी फायलीतून मान वर न करता सांगितले, 'मग खिडकी लावून घ्या.'