वाळवीनं खाल्लेलं रजिस्टर अन माझं कॅथलिक होणं

बायको कॅथलिक, मी प्रोटेस्टंट. बिशपची परवानगी काढून लग्न झालं, पोरगी झाली, तिचा बाप्तिस्मा तिकडेच झाला, अन दर रविवारी मिस्सात, म्हणजे चर्चच्या उपासनेत, सगळे ख्रिस्तप्रसादाची भाकर घ्यायला उठले की मी एकटाच मागच्या बाकावर, चपला राखायला ठेवल्यासारखा. चार वर्षांनी फादरले म्हटलं, मले पण घ्या आता.

मला वाटलं पुन्हा बाप्तिस्मा देतील. फादर म्हणाले, नाही, पाणी अन पिता, पुत्र, पवित्र आत्म्याच्या नावानं झाला असेल तर तो एकदाच, मंडळी, म्हणजे चर्च, कोणतं का असेना, फक्त दाखला आणा. इथंच गाडी फसली. आमच्या जुन्या मंडळीच्या रजिस्टरले वाळवी, माझ्या वर्षाची पानं म्हणजे निव्वळ भुसा. ऐन कापूस वेचणीत दर्यापूरहून एसटीनं तीन चकरा मारल्या, दरवेळी "पाहू" एवढंच.

मग फादरनीच सांगितलं, चर्चच्या कायद्यात सोय आहे, कोणाचं नुकसान होत नसेल तर एक भरवशाचा साक्षीदार पुरतो. आमचा साक्षीदार मोठी माय. डोक्यावर पाणी टाकलं होतं का? "टाकलं नाही तं काय, इतका बोंबलला का पाळक घाबरले!" अन शब्द काय म्हटले ते तिनं डोळे मिटून बरोब्बर सांगितले. फादरनी लिहून घेतलं, तिनं सही केली. झालं.

शिकवणी सहा महिने, गुरुवारी रात्री, लाइट असली तर. आमच्या बायबलात 66 पुस्तकं, यांच्यात 73, टोबीत, यहुदीथ वगैरे मी पहिल्यांदाच वाचली. मोठी माय घरी रोज एकच विचारायची, "मरियेची पूजा करा लागते का रे?" फादर म्हणाले, आराधना फक्त देवाची, मरियेला आपण म्हणतो आमच्यासाठी प्रार्थना कर, तुम्ही मोठ्या मायला म्हणता तसंच. हे तिला पटलं, निदान गप तरी बसली. कॅथलिक म्हणजे सार्वत्रिक, हे कळल्यावर तर हसूच आलं, "पवित्र सार्वत्रिक मंडळी" तर मी लहानपणापासून मतांगिकारात, म्हणजे विश्वासाच्या कबुलीत, म्हणतच होतो.

एकदा मात्र फजिती झाली. 'आमच्या पित्या' म्हणताना आम्ही "राज्य, पराक्रम व गौरव" सलग म्हणतो, मिस्सात तिथं थांबतात, मधे फादरची एक प्रार्थना असते अन मग लोक म्हणतात. पूर्ण चर्च चूप अन मी एकटा जोरात. बायको अजून चिडवते.

खरी भीती पापनिवेदनाची. गावात शिंकलं तरी वेशीपर्यंत जाते, अन इथं स्वतःच्या तोंडानं सांगायचं? पण फादरनी ते बाहेर फोडलं तर ते स्वतःच चर्चबाहेर पडतात, इतका कडक नियम. चिठ्ठी लिहून नेली होती, हात थरथरत होता म्हणून वाचताच नाही आली, जे आठवलं ते बोललो. धुऱ्यावरचं भांडण सांगताना घसा दाटला, भावाशी बोलणं बंद होतं ना.

रविवारी मतांगिकार म्हटला, कॅथलिक चर्च जे शिकवतं ते सगळं मानतो म्हटलं, मग कपाळावर तेल, दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्मा पक्का करायचा संस्कार. हे एरवी बिशप करतात, पण असं सामावून घेताना फादरला अधिकार असतो. मग ख्रिस्तप्रसाद. मोठी माय मागच्या बाकावर, माझ्या जुन्या जागी.

नंतर फादरनी रजिस्टरमध्ये नोंद केली. मी मोबाइलवर दोनदा फोटो काढला, वाळवीचा काय भरवसा.