मॉनिटरवर ९४, तरी सुई

"मॅडम, ९४ तं दाखवून राह्यलं, मग बाबाले सुई काहून टोचता?" पेशंटच्या मुलाचा आजचा प्रश्न. रास्तच होता. कोविडनंतर नागपुरात घरोघरी ऑक्सिमीटर आले, रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा सगळ्यांनाच वाचता येतो.

पण ऑक्सिमीटरची ती चिमटी लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश बोटातून पाठवते, नाडीच्या ठोक्याला तो किती शोषला गेला त्यावरून अंदाज बांधते. बाबांचं बीपी पडलेलं, नॉरअ‍ॅड्रेनलिन (बीपी चढवायचं औषध) चालू, बोटं गार पडून निळसर झालेली. रक्तच पोचत नाही तिथे काय मोजणार? मॉनिटरवरची नाडीची लाट जवळजवळ सपाट होती. (आकड्याआधी लाट बघा, हे मी नव्या सिस्टरांना सांगून थकले.) सावळ्या कातडीवर हे यंत्र जरा जास्तच आकडा दाखवू शकतं, तो भाग वेगळाच.

मनगटाच्या धमनीतून एबीजीचं (रक्तातले वायू मोजायची तपासणी) सॅम्पल घेतलं. ऑक्सिजनचा दाब ५४, म्हणजे सॅच्युरेशन (चिमटी ९४ दाखवत होती तेच) ९० च्या खालीच. कार्बन डायऑक्साइड वाढून ६२, आणि तो तर चिमटीला कळतच नाही. डॉक्टर सरांनी लगेच व्हेंटिलेटरची सेटिंग बदलली.

मुलाला कागद दाखवला. म्हणाला, "मंग दर घंट्याले काढा ना!"

नाही रे दादा, तेवढं रक्तही काढता येत नाही.