मामांचा २०१२ चा कॉम्प्युटर आणि सांगलीचे अडीच दिवस

शनिवारी पहाटे स्वारगेटहून सांगलीची एसटी पकडली तेव्हा सॅकमध्ये कपड्यांचा एकच जोड होता, बाकी सगळा संसार कॉम्प्युटरचा. मामांचा फोन दिवाळीपासून चालू होता. "अगं, बँकेचं पान उघडंना झालंय. ब्राउझर जुना झालाय म्हणतंय. नवा घ्यायला गेलं की विंडोज जुनी झालीय म्हणतंय. मी पण जुनाच झालोय म्हणावं त्याला."

मशीन २०१२ चं, सांगलीतच असेंबल केलेलं. इंटेलचा दुसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज ७. विंडोज ७ चे अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झाले आणि तिच्यावर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, तीही २०२३ च्या सुरुवातीची. त्यामुळे बँकेचं म्हणणं काही चूक नव्हतं.

या डब्याने दोन पूर बघितलेत. मामांचं घर गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी दारात आलं तेव्हा मामांनी आधी देव वर नेले, मग कॉम्प्युटर, आणि मग, मामीच्या सांगण्याप्रमाणे, "तू येतीयेस का वर, असं मला विचारलं." २०२१ च्या जुलैत पुन्हा तीच वरात. यूपीएस मात्र २०१९ ला खालीच राहिला, तो गेला तो गेलाच. नवा काही घेतला नाही.

कुठली सिस्टिम टाकायची हे पुण्यातच ठरवून निघाले होते, आणि तसंच निघावं. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. मामांच्या मदरबोर्डावर टीपीएमचा पत्ताच नाही. ती तपासणी चुकवून विंडोज ११ बसवता येते, मी स्वतःच्या जुन्या लॅपटॉपवर तो खेळ केलाय. पण सत्तरीच्या माणसाच्या मशीनवर असली जुगाडं करू नयेत. एखादा मोठा अपडेट बसला नाही की फोन आपल्याला येतो, आणि आपण असतो अडीचशे किलोमीटर लांब. विंडोज १० चीही मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. वाढीव मुदत घेता येते, पण एवढा प्रवास करून उधारीवरचं घर कोण बांधेल? म्हणून लिनक्स मिंट २२ ही विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम, त्यातही तिचं हलकं रूप, एक्सएफसीई. त्याचे अपडेट २०२९ पर्यंत मिळणार आहेत. मामांना "लिनक्स" हा शब्द मी मुद्दाम सांगितलाच नाही. "नवीन सिस्टिम" म्हणाले, झालं.

निघण्याआधी फोनवर एक काम जरूर करून घ्या. कॅबिनेटच्या मागच्या बाजूचा फोटो मागवा आणि "रोज काय काय उघडता?" एवढं विचारा. "काय काय इन्स्टॉल आहे?" असं विचारलंत तर काही हाती लागत नाही. मामांची यादी अशी निघाली: बँक, यूट्यूबवर कीर्तन, नातवंडांचे फोटो, आणि कुळाचा इतिहास. हा शेवटचा प्रकार काय आहे ते मी तेव्हाच खोदून विचारायला हवं होतं.

सॅकमध्ये होतं ते असं: २४० जीबीची साटा एसएसडी (चकत्यांऐवजी चिपवर साठवणारी, साटा जोडणीची वेगवान डिस्क) आणि तिची डेटा केबल, मिंटची फाइल पुण्यातच उतरवून तयार केलेला पेनड्राइव्ह (ती फाइल तीनेक जीबीची असते, तिकडच्या नेटवर विसंबू नका), तसाच आणखी एक पेनड्राइव्ह, कारण पहिला ऐन वेळी रुसतोच, बॅकअपसाठी बाहेरून लावायची हार्ड डिस्क, फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, रंगकामाचा दीड इंची ब्रश आणि सीआर २०३२ चा एक सेल. शेवटच्या दोन वस्तूंनी सगळ्यात जास्त उपकार केले.

पेठ नाक्याला गाडी वळली की सांगली आलीच असं वाटतं, पण तासभर तरी अजून असतो. स्टँडवरून रिक्षाने टिळक चौक, तिथून पायी. मामीने चहाआधी विचारलं, "फोटो जाणार नाहीत न्हवं?" मी म्हटलं, आधी फोटोच बाहेर काढून ठेवते.

हार्ड डिस्कवर सव्वाशे जीबीचा माल होता. त्या काळच्या एच ६१ चिपसेटच्या बोर्डांना बहुतेक यूएसबी २.० च असतं, त्यामुळे सेकंदाला पंचवीस-तीस एमबीच्या वर वेग नाही. सव्वा तास धरून चालावं, मला दीड लागला, कारण मधल्या एका फोल्डरवर डिस्क टर्र टर्र करत अडखळली. तो आवाज म्हणजे डिस्कने दिलेली नोटीसच. बॅकअपआधी दुसरं काहीही करू नका, अगदी झाडूनही घेऊ नका.

मग अंगणात नेऊन कॅबिनेट उघडलं. पंख्यावर धुळीची घोंगडी, तळाला पालीची दोन वाळकी अंडी, आणि रॅमच्या खाचेशेजारी एक सुपारी. ती कशी गेली याचा खुलासा मामांनी केला नाही. पंख्याचं पातं बोटाने धरून मग ब्रश फिरवावा, नाहीतर पंखा गरगर फिरून बेअरिंग जातं.

सेल बदलायचं कारण: मशीन सुरू केलं की घड्याळात दर वेळी १ जानेवारी आणि बोर्ड जन्मलं ते साल दिसायचं. मामांना वाटे व्हायरस आहे. बोर्डावरचा रुपयाएवढा सेल संपला की तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की ब्राउझरला प्रत्येक साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र खोटं वाटतं. बँकेचं निम्मं दुखणं हेच होतं. पाच मिनिटांचं काम.

एसएसडीला वीज द्यायला जास्तीची पिनच नव्हती. एक हार्ड डिस्कला, दुसरी डीव्हीडी रायटरला. गेल्या पाच वर्षांत डीव्हीडी कोणी घातली होती का? नाही. मग रायटरची काढली आणि एसएसडीला दिली. एसएसडीत हलणारं काही नसतं, त्यामुळे खास जागा नसली तरी दुहेरी चिकटपट्टीने कडेला डकवून चालतं. या बोर्डाचं साटा जुन्या, निम्म्या वेगाचं आहे, तरी काही बिघडत नाही. जुन्या डिस्कच्या मानाने ते विमानच.

रॅमसाठी हरभट रोडच्या बाजूला दोन दुकानं पालथी घातली. "डीडीआर-३? आता हे कोण घ्याय लागलंय ताई? नवीनच सेट करून टाका की." दुसऱ्याने मात्र खणातून ४ जीबीची वापरलेली पट्टी काढली आणि समोरच्या मशीनला लावून चालवून दाखवली. चालवून दाखवल्याशिवाय जुनी रॅम घेऊ नका. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, ती डेस्कटॉपला बसत नाही. घाईत चुकीची उचलली जाते.

रविवारी सकाळी जुनी हार्ड डिस्क केबल काढून बाजूला ठेवली आणि फक्त एसएसडी लावून पेनड्राइव्हवरून मिंट सुरू केलं. न बसवता आधी तसंच वापरून बघता येतं, आवाज, नेट, स्क्रीन सगळं. वायफाय नव्हतं म्हणून मोबाइल यूएसबीने जोडला, नेट लगेच आलं. मग बसवायला लावलं, आणि पडद्यावरची पट्टी पाऊण भरली असेल तेवढ्यात लाइट गेली.

यूपीएस २०१९ च्या पाण्यात गेलेला. मामा माझ्याकडे बघतायत, मी काळ्या स्क्रीनकडे. पण जुनी डिस्क सुटी टेबलावर पडली होती, म्हणून जीव भांड्यात. अर्धवट राहिलं ते कोऱ्या एसएसडीवरचं. तासाभराने लाइट आली, पुन्हा पहिल्यापासून केलं, वीस-पंचवीस मिनिटांत संपलं. जुनी डिस्क लावलेली असती आणि नेमकी तिचीच विभागणी चाललेली असती तर मी त्या रात्री जेवले नसते. तेव्हा ती डिस्क काढून ठेवा. आणि शेजारच्यांचा इन्व्हर्टर असेल तर लाज सोडून वायर ओढा.

आधी मशीन चालू होऊन हलायला चार मिनिटं लागायची, आता अर्धा मिनिट. मामा म्हणाले, "चहा ठेवायला पण वेळ देईना."

इथपर्यंत मी स्वतःवर खूश. मग कुळाचा इतिहास उघडला.

दोनशेतीस पानं. आठ वर्षं मामांनी वह्या, सातबारे आणि म्हाताऱ्यांच्या आठवणी गोळा करून टाइप केलेली. पडद्यावर मात्र इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के आणि उद्गारचिन्हांचा चिवडा. मामा काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसायला लागले. मामी आतून बाहेर आली.

भानगड अशी, की श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टांत मराठी अक्षर म्हणून साठवलेलं नसतं. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीचे आकार बसवलेले असतात. फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. मजकूर जागेवरच असतो. जुनी डिस्क तेवढ्यापुरती जोडून तिच्यावरच्या विंडोजच्या फॉन्ट फोल्डरातून मामांचे तीन फॉन्ट उचलून नव्या सिस्टिमच्या फॉन्ट फोल्डरात टाकले, लिबरऑफिस (मिंटमधलं वर्डसारखं) बंद करून उघडलं, आणि पहिल्या ओळीत "श्री गजानन प्रसन्न" उमटलं. मामी म्हणाली, "बघा, सांगलीचा गणपती पावला." तुम्ही जाल तेव्हा हे फॉन्ट बॅकअपमध्ये आधी घ्या. फोटो सगळे घेतात, फॉन्ट कोणी घेत नाही.

तरी शोधायला गेलं तर सापडत नाही. हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर मामांचं अख्खं प्रकरण आहे, आजोबांची तिथे भागीदारी होती. पण "हरिपूर" टाइप करून शोधलं तर शून्य. त्यासाठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, आणावा लागतो. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसतो, जोडाक्षरं फुटतात. दोन पानं करून बघितली, चौदा चुका. मामी म्हणाली, रोज पाच पानं मी तपासते. मूळ फाइलला हात न लावता रूपांतराची वेगळी प्रत करून दिली.

टायपिंगचं वेगळंच. मामांची बोटं टाइपरायटरवर घडलेली, इनस्क्रिप्ट ही कॉम्प्युटरची मराठी कळांची मांडणी शिका म्हणणं म्हणजे डाव्या हाताने जेवा म्हणणं. टाइपरायटरची रेमिंग्टन मांडणी मला हिंदीच्या यादीत मिळाली. चार-पाच कळा इकडच्या तिकडे आहेत, त्यांचा कागद मॉनिटरला चिकटवलाय.

प्रिंटरने मात्र हरवलं. जुना लेसर, विंडोजवर गुणी बाळ, इथे ओळखच दाखवेना. दोन तास घातल्यावर सोडून दिलं. शेवटी जुनी हार्ड डिस्क परत जोडली. छापायचं असेल तेव्हा मिंटमधून पीडीएफ त्या डिस्कवर ठेवायची, मशीन सुरू होताना कळ दाबून विंडोज ७ मध्ये जायचं, छापायचं, बंद करायचं. पूर्ण बंद, हायबरनेट (चालू काम साठवून झोपवणं) नाही, नाहीतर मिंटला त्या डिस्कवर लिहिता येत नाही. आणि विंडोज ७ मध्ये असताना नेट जोडायचंच नाही, ही अट मी मामांकडून वदवून घेतली. जाण्याआधी प्रिंटरचं मॉडेल विचारून लिनक्सवर चालतो का ते बघा, माझे दोन तास तुमचे वाचतील.

सोमवारी सकाळी गणपतीचं दर्शन, दोन किलो भडंग, दुपारची गाडी.

परवा संध्याकाळी सहाला फोन. "अगं, छापायला त्या जुन्यात गेलो तर घड्याळ दुपारचे साडेबारा दाखवतंय. सेल परत गेला का?" सेल ठीक होता. लिनक्स बोर्डावरच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं, विंडोज तीच वेळ इथली समजतं, म्हणून बरोबर साडेपाच तास मागे. मिंटला स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं की मिटतं, एका ओळीची आज्ञा आहे. मी ती फोनवर सांगायला लागले तर मामा म्हणाले, "राहू दे गं. पंधरवड्यातनं एकदा जातो तिथं, साडेपाच मिळवून घेईन."