लिफ्टर उडतो, पण कशामुळे?

यूट्यूबवर लिफ्टर, म्हणजे हाय व्होल्टेज दिलं की पंख्याशिवाय वर उठणारा तार आणि फॉइलचा हलका सांगाडा, पाहिला की दोन प्रकारची माणसं हमखास भेटतात. एक म्हणतो, गुरुत्वाकर्षण हरलं. दुसरा, बहुधा फिजिक्सचा प्राध्यापक, म्हणतो, यात काही दम नाही. मुळात तो उडतो की नाही हा वादच नाही, तो उडतोच. शंका आहे ती फक्त कारणाबद्दल, गूढ बळ की आयनांनी (विद्युतभारित कणांनी) ढकललेली हवा, आणि ती घरच्या घरी तपासता येते.

सांगाडा आधी. बाल्सा हे हलकं लाकूड आपल्याकडे सहज मिळत नाही. संक्रांतीनंतर फाटलेल्या पतंगांच्या कामट्या तासून 1 मिमी जाडीच्या करा. 20 सेंमी बाजूचा त्रिकोण, तीन कोपऱ्यांवर तीन उभ्या काड्या. खाली 4 सेंमी रुंदीची स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल, तिच्या वरच्या कडेपासून 3 सेंमी वर तांब्याची बारीक तार. मोटार वाइंडिंगच्या दुकानात 42 गेजची, म्हणजे साधारण 0.1 मिमीची, तार तुकड्यात मागा. तिच्यावरचं इनॅमल बारीक पॉलिश पेपरने पूर्ण काढायचं. ते राहिलं तर तिथे कोरोना, म्हणजे तारेलगतच्या हवेचे आयन होणं, घडत नाही आणि लिफ्टर एका अंगाने तिरपा उठतो. फॉइलची वरची कड दुमडून गोल करा. कापलेली धार किंवा सुरकुती राहिली की ठिणगी नेमकी तिथेच पडते. सगळं मिळून वजन अडीच ग्रॅमच्या आत हवं.

वीज जुन्या टीव्हीच्या फ्लायबॅकमधून, म्हणजे हाय व्होल्टेज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमधून, घ्यायची. आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेलाच घ्या. टीव्ही भंगारात असला तरी पिक्चर ट्यूब आणि मोठा कपॅसिटर आधी डिस्चार्ज करायचे; बऱ्याचदा ट्यूबपेक्षा हा 300 व्होल्टचा कपॅसिटरच घातक ठरतो. फ्लायबॅकच्या फेराइट गाभ्याच्या उघड्या पायावर जाड वायरचे दहा वेढे, 555 (टायमर चिप) आणि मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर), 12 व्होल्टचा सप्लाय, 15 ते 20 किलोहर्ट्झ. ठिणगी मरगळलेली वाटली तर वेढ्यांची टोकं उलटी जोडून बघा. निम्म्या वेळा चूक तिथेच निघते. फ्लायबॅकची लाल, हाय व्होल्टेजची वायर तारेला, परतीची फॉइलला आणि अर्थला. लिफ्टर तिन्ही कोपऱ्यांतून नायलॉनच्या दोऱ्याने टेबलाला बांधा. चालू असताना एक हात पाठीमागे, आणि बंद केल्यावर अर्थ केलेली दांडी तारेला लावल्याशिवाय हात नाही. खोलीची खिडकी उघडी, कारण ओझोन साचतो. एकट्याने करू नका.

अर्थिंगकडे खानदेशात जरा जास्तच बघावं लागतं. चैत्र-वैशाखात काळी माती भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातली माती रॉडपासून सुटते आणि अर्थ नावापुरता उरतो. आदल्या दिवशी खड्ड्यात पाणी ओता. त्याच दिवसांत गरम हवा विरळ असल्याने ठिणगीही लवकर पडते, म्हणून तार आणि फॉइलमधलं अंतर दोन-तीन मिमीने वाढवा. पावसाळ्यात उलटी तऱ्हा: कामट्या ओल धरतात, करंट त्यांच्यातून गळतो, मीटर जास्त करंट दाखवतो आणि लिफ्टर जागचा हलत नाही. कडक उन्हात वाळवल्या की सुधारतात. जिनिंग चालू असलेल्या गावात आणखी एक उपद्रव म्हणजे हवेतला कापसाचा तंतू. तो तारेला चिकटला की चटचट सुरू.

आता शंकेकडे. फॉइलच्या परतीच्या वायरमध्ये अर्थच्या बाजूला 1 किलोओहमचा रेझिस्टर घाला आणि त्यावरचे व्होल्ट मोजा, 0.2 व्होल्ट म्हणजे 0.2 मिलिअँपिअर. आयन हवेला ढकलत असतील तर जोर = करंट × अंतर ÷ आयनांची मोबिलिटी (विजेच्या ओढीने ते किती वेगाने सरकतात ते), आणि हवेत ती सुमारे 0.0002 चौ. मी. प्रति व्होल्ट-सेकंद. 3 सेंमी अंतर आणि 0.2 मिलिअँपिअरला जोर 0.03 न्यूटन येतो, म्हणजे तीन ग्रॅम. उचललेलं वजन मोजायला 75 जीएसएम कागद पुरतो: 10 × 10 सेंमीचा तुकडा 0.75 ग्रॅम. त्याच्या पट्ट्या चढवत जा. आकडे जवळपास जुळतात. गळतीमुळे प्रत्यक्ष करंट हिशेबापेक्षा जास्त लागतो, कमी कधीच नाही. कमी लागला असता तर दुसरं काही बळ आहे म्हणून प्राध्यापकाला उठून बसावं लागलं असतं. सोनाराचा नाजूक काटा मात्र जवळ ठेवू नका, हाय व्होल्टेजने तो वेडेवाकडे आकडे दाखवतो.

फॉइलच्या खालून बाजूने अगरबत्तीचा धूर सोडा, तो खाली ढकलला जातो. पोलॅरिटी उलटी केली तरी लिफ्टर तारेच्याच दिशेने उठतो. अमेरिकन संशोधक थॉमस टाउनसेंड ब्राउनने 1928 मध्ये ब्रिटिश पेटंट घेतलं तेव्हापासून याला गूढ बळ म्हणणारे आहेत. विमान अभियंता अलेक्झांडर डी सेव्हर्स्कीच्या 1964 च्या पेटंटमध्ये मात्र आयनांनी ढकललेल्या हवेचीच भाषा आहे, आणि 2004 मध्ये ऑस्ट्रियन संशोधक मार्टिन तायमारने हा परिणाम म्हणजे कोरोना वाऱ्याचा चुकीचा अर्थ, असं मांडलं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने 2018 मध्ये याच वाऱ्यावर 2.45 किलोचं विमान व्यायामशाळेत उडवून दाखवलं. शंकेखोरांनी हे तंत्र मारलं नाही, त्यांनीच ते वापरलं.

मोठा करायची हौस असेल तर आधी हिशेब करा. 25 किलोव्होल्टला वॉटमागे साधारण 0.6 ग्रॅम जोर मिळतो. एक किलो उचलायला दीड किलोवॉटच्या वर वीज आणि जवळजवळ 240 मीटर तार लागेल. टीव्हीचा फ्लायबॅक तर त्रिकोण जोडत गेल्यावर चार-पाच त्रिकोणांतच दमू लागतो.