सायकल उलटी केली की गप्प बसणारे मडगार्ड

चामड्याचे वायसर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज न सुटणारे) बसवल्यापासून सायकल मुकी झाली आहे, असे मी मागच्या नोंदीत मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले होते. ते विधान मागे घ्यावे लागत आहे. सोयाबीनची कापणी आटोपली, पांदण रस्ता वाळून खडखडीत झाला, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या दगडासारख्या कडक झाल्या, आणि पहिल्याच फेरीत मागच्या मडगार्डाने जुना खडखडाट, किंबहुना थोडा वरच्या पट्टीतला, पुन्हा सुरू केला. पावसाळ्यात तो का नव्हता, हेही त्याच दिवशी उमगले. चार महिने आतून चिकटलेल्या काळ्या मातीच्या जाड थराने पत्रा धरून ठेवला होता आणि मी त्याचे श्रेय नायलॉक नटांना देऊन मोकळा झालो होतो. माती खरवडून काढली आणि आवाज परत आला.

सायकल तीच, 28 × 1½ टायरची, रॉड ब्रेकची, पोलादी मडगार्डांची. मडगार्ड ओढूनताणून न बसवता आधी सगळे बोल्ट सैल करायचे, पत्र्याला स्वतःच्या आकारात स्थिरावू द्यायचे आणि जिथे फट राहील तिथे चामड्याची चकती भरून मगच आवळायचे, ही पद्धत इथल्या बहुतेकांना पाठ आहे. ती मी पाळली होती, बी.बी.मागच्या पुलाशी, म्हणजे पायडलच्या आसामागे फ्रेमच्या दोन नळ्या जोडणाऱ्या आडव्या तुकड्याशी, जवळपास 3 मिलिमीटर फट होती, तीही भरली होती. म्हणजे ताण नव्हता, बोल्ट सैल नव्हते, मडगार्डाला आधार देणाऱ्या काड्या कुठे घासत नव्हत्या, तरीही आवाज होता.

यात माझे जवळजवळ दोन आठवडे गेले. सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी केली, चाक फिरवले, पत्र्यावर बोटांच्या सांध्यांनी ठोकून पाहिले, तर सगळीकडून एकसारखा भरीव आवाज आला. सुलटी करून रस्त्यावर नेली की पुन्हा खडखड. मग कॅरिअर काढून फिरलो, चेनकव्हरला तात्पुरती सुतळी बांधली, स्टँडची स्प्रिंग काढून ठेवली, घंटीसुद्धा उतरवली. आवाज जागचा हलला नाही. शेवटी सायकल सुलटीच ठेवून, पेचकसाचे टोक मडगार्डावर आणि मूठ कानाच्या हाडाला टेकवून, पुतण्याला मागचे चाक उचलून हलकेच आपटायला सांगितले. पत्र्यावर एकेक वीत पुढे सरकत गेलो. पेचकस मीच धरला होता, तरी दोष त्याने आधी ओळखला: “काकाजी, बोल्टात नाही, मधात आहे, ती पट्टी आहे ना, तिथं.”

ती पट्टी म्हणजे दोन्ही बाजूंच्या काड्या जिथे मडगार्डाला मिळतात तिथला, दोन रिबिटांनी जडवलेला पत्रा. डाव्या रिबिटाचे डोके बाहेरून अगदी घट्ट दिसत होते, पण नखाने दाबल्यावर ते केसभर आत गेले आणि सोडताच परत आले. भोक झिजून अंडाकृती झाले होते. सायकल उलटी केल्यावर मडगार्डाचे वजन रिबिटाच्या दुसऱ्या बाजूवर टेकते, फट मिटते आणि दोष लपतो. सुलट्या सायकलीवर प्रत्येक धक्क्याला पत्रा पट्टीपासून सुटतो आणि पुन्हा आदळतो. इतके दिवस मी सायकलीला ज्या अवस्थेत तपासत होतो, त्या अवस्थेत ती निर्दोषच होती.

आता दुरुस्ती. जुने रिबिट पुन्हा ठोकून बसवायला आतून वळणदार टेकण लागते, ते माझ्याकडे नाही, म्हणून तालुक्याच्या हार्डवेअर दुकानातून ॲल्युमिनियमचे पॉप रिबिट आणले. पाच मिनिटांत काम झाले, आणि अकराव्या दिवशी तेच रिबिट बोटाने गरगर फिरू लागले. पोकळ, मऊ धातूचे रिबिट अंडाकृती भोकात घट्ट राहणार नाही, हे आधीच सुचायला हवे होते. शिवाय पोलाद आणि ॲल्युमिनियम यांच्यात पाणी शिरले की ॲल्युमिनियम खाल्ले जाते, तेव्हा पुढच्या पावसाळ्यात त्याची पांढरी भुकटीच उरली असती. हा मोह पुन्हा नको.

दुसऱ्या खेपेस भोक 5.5 मिलिमीटरचे गोल करून घेतले आणि एम 5 चा चपट्या गोल डोक्याचा स्टेनलेस बोल्ट आतून बाहेर घातला. टायर आणि पत्रा यांच्यात माझ्या सायकलीवर जेमतेम 12 मिलिमीटर जागा आहे, त्यामुळे नट आणि बोल्टचे शेपूट बाहेरच हवे. उलटे बसवले तर टायरमध्ये चिखल अडकला की ते शेपूट टायर सोलून काढेल. पत्रा आणि पट्टी यांच्यात चामड्याची चकती, बाहेर रुंद वायसर, त्यावर नायलॉक. स्प्रिंग वायसरवर माझा आता विश्वास उरलेला नाही. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने 1969 मध्येच दाखवून दिले होते की बोल्टला आडवी कंपने मिळाली की घर्षण हरते आणि नट आपोआप सुटत जातो, आणि पातळ पत्र्याच्या मडगार्डाला आडव्या कंपनांशिवाय दुसरे काय मिळते? मात्र नायलॉक नट चार-पाच वेळा उघड-बंद केला की त्यातील नायलॉनची कडी ढिली पडते, म्हणून जुना काढून नवाच लावला.

चामड्याबद्दल एक तक्रार. घरपोच मागवलेल्या पाकिटावर अस्सल चामडे असे लिहिलेले होते, पण मेणबत्तीवर एक चकती धरली तर ती वितळून ठिबकू लागली. ते रेक्झिन निघाले. त्यानंतर बैलाच्या जुन्या चामडी पट्ट्याचा तुकडा घेतला, पंचाने चकत्या पाडल्या, रात्रभर एरंडेलात बुडवल्या. रबराचा पर्याय मी उन्हाळ्यात आजमावला आहे. आमच्याकडे 45 अंशांच्या वर गेलेल्या उन्हात उभ्या सायकलीवरचे ट्यूबचे तुकडे कडक होऊन चिरतात, तेलात मुरलेले चामडे टिकते.

गेले तीन आठवडे मागचे मडगार्ड शांत आहे. त्या शांततेत काल सेवाग्रामच्या वाटेवर पुढची किरकिर प्रथमच ऐकू आली. ती चिमट्याच्या मुकुटापाशी, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कच्या माथ्याशी असणार, असे धरून हा परिच्छेद लिहायला घेतला होता आणि पुढचे मडगार्ड पूर्ण उतरवण्याचा बेत मांडणार होतो. पण लिहिता लिहिता उठून पाहिले, तर उजवी काडी रॉड ब्रेकच्या दांडीला टेकलेली आहे, आणि तिथला रंग बाजरीच्या दाण्याएवढा उडालेला आहे. तेव्हा मडगार्ड राहू द्यावे. ठिबकच्या संचातली ती बारीक नळी गोठ्यात वेटोळे करून पडली आहे. तिला उभा छेद देऊन दोन इंचांचा तुकडा काडीवर चढवतो, वरून सुतळीचे दोन वेढे देतो आणि उद्या पांदणीने जाऊन पाहतो.