तड्याला फांद्या का फुटतात?

नाशिकमधल्या सातपूरच्या माझ्या काचेच्या दुकानात मला हिरा मारताना, म्हणजे काचेवर हिऱ्याने रेघ ओढताना, बघणारं गिऱ्हाईक हमखास विचारतं, "तुम्ही तोडता तेव्हा काच रेघेवरच तुटते. मग वाऱ्याने खिडकी आपटली की तड्याला फांद्या कशा फुटतात?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. बीएस्सीपासून हा विषय मनात घर करून आहे.

काच तीच, फरक ताणाचा. हिऱ्याच्या रेघेवर हलकेच वाकवलं, की एक तडा पुढे सरकेल एवढाच जोर लागतो. खिडकी आपटते तेव्हा ताण कितीतरी जास्त असतो आणि तडा सुसाट सुटतो. साध्या काचेत तो सेकंदाला सुमारे १५०० मीटरपर्यंत पोचतो, आणि तिथेच अडतो. हिशेबाने मर्यादा याच्या दुप्पट आहे: काचेच्या पृष्ठभागावरून धावणाऱ्या रॅले लहरींचा वेग. पण एवढ्या वेगात तड्याचं टोक डळमळतं. उरलेली ऊर्जा नवे पृष्ठभाग उघडण्यात जाते, म्हणजे फाटे फुटतात.

भौतिकशास्त्रज्ञ एलिझाबेथ यॉफे यांनी १९५१ मध्ये गणिताने दाखवलं, की वेग फार वाढला तर ताणाचा जोर तड्याच्या नाकासमोर न राहता दोन्ही बाजूंना सरकतो. १९९१ मध्ये ॲक्रिलिकवर, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकवर, मोजमाप झालं, तेव्हा टोकाची डळमळ त्या वेगाच्या बरीच आधी सुरू होताना दिसली: ॲक्रिलिकमधल्या रॅले वेगाच्या ३६ टक्क्यांवर, सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतानाच.

मला मात्र फुटक्या तुकड्याची कड सगळ्यात जास्त आवडते. उजेडात तिरकी धरा. तडा जिथून निघाला तिथे आरशासारखा गुळगुळीत भाग, पुढे धुरकट, मग खरखरीत, आणि त्यानंतर फाटा. ताण दुप्पट असेल तर या आरशाची त्रिज्या चौथाईच उरते. म्हणजे काच किती ताणात फुटली, ते कडेवरच लिहिलेलं असतं.

गंगापूर रोडला पश्चिमेच्या खिडकीची मोठी काच एप्रिलच्या उन्हात तडकली होती. मालकांना शेजारच्या मुलांचा संशय होता. मी पाहिलं, तर एकच तडा, काठापासून काटकोनात निघालेला, कुठेही फांदी नाही. म्हणजे ताण कमी होता, काठच कच्चा होता. पट्टी काढली. तडा निघाला तिथे बारीक टवका होता. बसवताना मीच पकडीने कुरतडलेल्या जागी. मालकांना तो दाखवला, नवी काच माझ्या खर्चाने बसवली. तेव्हापासून चारही कडा घासल्याशिवाय काच चौकटीत जात नाही.