मों ब्लांची ‘सोपी’ वाट आणि गूतेची घळ

आल्प्समधल्या मों ब्लां या शिखरावर मार्गदर्शकासह चढाई करण्यासाठी ज्या कंपनीकडे आम्ही नाव नोंदवले, तिच्या माहितीपत्रकात ‘तांत्रिक अनुभवाची आवश्यकता नाही, दम उत्तम हवा’ हे वाक्य ठळक अक्षरांत छापलेले होते आणि गूतेच्या घळीचा उल्लेख ‘थोडी आडवी चाल’ एवढ्या तीन शब्दांत उरकलेला होता. ही आडवी चाल सुमारे ३३४० मीटर उंचीवर आहे आणि तिची रुंदी शंभर मीटरही भरत नाही. तरीही ४८०६ मीटर उंचीच्या या शिखराकडे जाणाऱ्या नेहमीच्या वाटेवर माणसे सर्वाधिक जायबंदी होतात ती या घळीत आणि तिला लागून असलेल्या खडकाळ सोंडेवर. १९९० ते २०१७ या काळात तेत रूस आणि गूते या दोन पर्वतनिवासांमधल्या टप्प्यात १०२ जणांचा मृत्यू झाल्याची नोंद तेथील अपघातांच्या अभ्यासात आहे. माहितीपत्रक लिहिणाऱ्यांना हे ठाऊक नसेल, असे मानण्याइतका मी भोळा नाही.

ज्यांना सह्याद्रीत पाठीवर ओझे घेऊन दिवसभर चढ-उतार करणे जड जात नाही, ज्यांनी हिमालयात किंवा आल्प्समध्ये एकदा तरी क्रॅम्पॉन (बुटांखाली बांधायचे काटे) बांधून बर्फावर चालून पाहिले आहे आणि ज्यांच्याकडे टाचेला चावणार नाहीत असे कडक तळव्याचे बूट आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. इतरांनी आधी ते सर्व करावे.

पायथ्याच्या सें-जेर्वे गावाहून दातेरी रुळांवरची छोटी रेल्वे वर जाते. ले उशहून रोपवेने बेलव्ह्यूला येऊन तीच गाडी मध्ये पकडता येते. तिचे वरचे स्थानक नी देग्ल सुमारे २३७० मीटरवर आहे, परंतु हंगाम आणि दुरुस्तीची कामे यांनुसार गाडी कधी अलीकडेच थांबते, म्हणून त्या आठवड्याचे वेळापत्रक स्वतः पाहावे, कंपनीने सांगितले त्यावर राहू नये. तेथून दगडाळ वाटेने तेत रूसचा पर्वतनिवास (३१६७ मीटर) गाठावा लागतो. त्यानंतर घळ, घळीपलीकडे सुमारे ५०० मीटर उंचीची खडकाची सोंड आणि तिच्या माथ्यावर गूतेचा नवा पर्वतनिवास (३८३५ मीटर). पुढे सर्व बर्फच आहे: दोम द्यू गूतेची भली मोठी पाठ, ४३६२ मीटरवरचा व्हालो हा आपत्कालीन निवारा, बॉसची अरुंद धार आणि शिखर.

घळीत दगड का पडतात, हे आधी समजून घेतले म्हणजे पुढचा सर्व सल्ला पटेल. वरचा कडा भेगाळलेला आहे आणि त्याचे तुकडे एकमेकांना धरून राहतात ते भेगांमधल्या गोठलेल्या पाण्यामुळे. उन्हाळ्यात ऊन चढले की ही पकड सुटते आणि जे निखळते ते सरळ घळीतून खाली येते. घळीत बर्फ भरलेला असेल तर निदान तेथले सुटे दगड जागच्या जागी राहतात, परंतु जुलैच्या उत्तरार्धात बहुधा नुसता घसारा उरतो. पहाटे आणि सकाळी लवकर दगडांचे प्रमाण कमी असते, दुपारनंतर ते वाढत जाते, आणि रात्रीही पारा शून्याखाली गेला नसेल तर पहाटेच्या वेळेचाही भरवसा धरता येत नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तर दगडांचा मारा इतका वाढला की सें-जेर्वेच्या महापौरांनी दोन्ही पर्वतनिवास बंद केले. चढाई करणाऱ्यांकडून बचावकार्य व अंत्यसंस्कार यांच्या खर्चापोटी १५,००० युरो अनामत घ्यावी, असेही त्यांनी त्याच सुमारास सुचवले होते. ती सूचना तेव्हा विक्षिप्त ठरवली गेली. घळ ओलांडून आल्यापासून मला ती तितकीशी विक्षिप्त वाटत नाही.

आमच्या कंपनीचे वेळापत्रक असे की सकाळची रेल्वे पकडायची, तेत रूसला जेवायचे आणि त्याच दिवशी गूतेला मुक्कामाला पोहोचायचे. कागदावर हे नीटनेटके दिसते. प्रत्यक्षात याचा अर्थ असा, की घळीच्या तोंडाशी आपण भर दुपारी उभे असतो. मार्गदर्शकाने अलीकडच्या कड्याला टेकून सुमारे दहा मिनिटे नुसते ऐकले, वर पाहिले, पुन्हा ऐकले, आणि मग ‘थांबायचे नाही, खाली बघायचे नाही, दगड आला तर मी सांगेन’ एवढे सांगून आम्हाला जवळजवळ ओढत पलीकडे नेले. डोक्यावर आडवी ताणलेली एक तार आहे. आम्ही तिच्यात स्वतःला अडकवले नाही, कारण अडकवणे आणि सोडवणे यात वेळ जातो आणि अडकलेल्या माणसाला बाजूला उडी मारता येत नाही, असे त्याचे म्हणणे होते. निम्म्यात आलो तोच वरून ट्रकमधून खडी ओतल्यासारखा आवाज झाला आणि नारळाएवढे तीन-चार दगड आमच्या मागून उसळ्या घेत गेले. पलीकडे पोहोचल्यावर मी वेळापत्रकाविषयी विचारले, तेव्हा ते कार्यालयात ठरते, असे उत्तर मिळाले.

त्यापुढची सोंड मराठी गिर्यारोहकांना आवडेल. अलंग-मदन किंवा तत्सम रॉकपॅच केलेल्या माणसाला येथले हात-पाय टेकायचे खडक ओळखीचे वाटतात, अवघड जागी तारा बसवलेल्या आहेत आणि दमाव्यतिरिक्त विशेष काही लागत नाही. मात्र हेल्मेट क्षणभरही काढू नये आणि वरच्या दोराने, म्हणजे एकाच दोराला बांधलेल्या गटाने, खाली दगड लोटला तर ओरडायला लाजू नये. या टप्प्यातील अपघातांत दरडीपेक्षा घसरून पडणारेच अधिक आहेत आणि थकलेल्या पायांनी उतरताना ते का घडत असेल, हे पुढे मला नीट कळले.

शिखराकडच्या वाटेविषयी थोडक्यात सांगतो. मध्यरात्रीनंतर निघायचे, दोम द्यू गूतेपर्यंतचा चढ कंटाळवाणा आहे, व्हालोपाशी वारा गाठतो आणि बॉसच्या धारेवर समोरून उतरणाऱ्यांना वाट देताना सावध राहायचे. सूर्योदय पाहिला, तो सुंदर होता.

खरी अडचण दोराची होती. या वाटेवर एका मार्गदर्शकामागे जास्तीत जास्त दोनच जण घेण्याचा दंडक आहे आणि तो योग्यच आहे. परंतु एकट्याने नाव नोंदवले की कंपनी आपल्या दोरावर दुसरा कोणीही बांधते. माझ्या दोरावरचा सद्गृहस्थ सरावाच्या चढाईत, इटलीतल्या ग्रान पाराडिझोवर (४०६१ मीटर), इतका मागे पडला होता की त्याला पुढे पाठवू नये हे शिकाऊ माणसालाही दिसले असते. कंपनीने पाठवले, कारण पैसे भरलेले होते. दोम द्यू गूतेनंतर त्याने दर पंधरा पावलांवर थांबायला सुरुवात केली. तो परतला असता तर मलाही परतावे लागले असते. तो परतला नाही, म्हणून आम्ही शिखरावर पोहोचलो खरे, पण इतक्या उशिरा की गूतेला परत येईपर्यंत सकाळ उलटून गेली आणि घळीत उतरलो ती दुपारची सर्वांत वाईट वेळ होती. त्या वेळी घळीत धूळ उडत होती. आमच्या पुढच्या दोरातील एकाच्या पिशवीला दगड चाटून गेला. मी पलीकडे गेल्यावर खाली बसलो आणि बराच वेळ उठलो नाही.

यावरून माझा स्पष्ट सल्ला असा आहे: चढताना तेत रूसला मुक्काम करून घळ पहाटे ओलांडावी, आणि शिखरानंतर त्याच दिवशी खाली न पळता गूतेला आणखी एक रात्र काढून दुसऱ्या दिवशी उजाडताच उतरावे. यामुळे खर्च वाढतो आणि गूतेच्या १२० खाटांपैकी एखादी दोन रात्रींसाठी मिळणे कठीण असते, हे मान्य आहे. पण कोणतीही कंपनी हे आपणहून सुचवणार नाही, कारण तिला मार्गदर्शक पुढच्या गटासाठी हवा असतो. पैसे भरण्यापूर्वी पत्र लिहून दोन प्रश्न विचारावेत: घळ जाताना आणि येताना किती वाजता ओलांडणार, आणि माझ्या दोरावर कोण असेल. ‘परिस्थितीनुसार’ असे उत्तर आले तर दुसरी कंपनी शोधावी. शक्य असल्यास ओळखीच्या, आपल्याच चालीच्या जोडीदारासह दोर पूर्ण करून जावे. तसे जमत नसेल तर एकट्यासाठी मार्गदर्शक घेण्याचा जादा खर्च हा उधळेपणा मानू नये.

पैशांबाबत आणखी थोडे. मार्गदर्शकाचा मुक्काम, जेवण आणि रेल्वेचे भाडे ‘समाविष्ट’ आहे की शेवटी आपल्याकडून वसूल होणार आहे, हे लेखी घ्यावे. आमच्याकडून ते पायथ्याच्या शामोनी गावात परतल्यावर, पाय थरथरत असताना वसूल केले गेले. हवामानामुळे शिखर हुकले तर शुल्क परत मिळत नाही. हे वाजवी आहे, कारण त्या माणसाचे दिवस गेलेले असतात, परंतु पर्यायी शिखर कोणते देणार हे आधी ठरलेले असावे. मार्गदर्शकाकडे यूआयएजीएम या पर्वत-मार्गदर्शकांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा बिल्ला आहे याची खात्री करावी. पर्वतनिवासाचे आरक्षण प्रत्येकाच्या नावावर असावे लागते आणि ते वाटेत तपासले जाते. उघड्यावर तंबू ठोकून राहू असे कोणी सुचवले तर त्याच्या नादी लागू नये. गूतेला प्यायचे पाणी बाटलीतूनच विकत घ्यावे लागते आणि सर्व सामान हेलिकॉप्टरने येत असल्यामुळे त्याचा दर ऐकून चक्कर येते, म्हणून सुटे युरो जवळ ठेवावेत.

शाकाहारी असल्यास आरक्षणाच्या वेळीच कळवावे. ऐनवेळी सांगितले तर सूप, पाव आणि चीज यांवर भागवावे लागते. राजगिऱ्याची चिक्की आणि खजूर खिशात ठेवावेत, पिशवीत नव्हे, कारण व्हालोच्या वाऱ्यात पिशवी उघडण्याची इच्छा उरत नाही. फ्रान्सच्या हद्दीत पर्वतातील सरकारी बचावाचे पैसे पडत नाहीत, परंतु रुग्णालयाचे आणि मायदेशी परतण्याचे पडतात. शिवाय ग्रान पाराडिझो इटलीत आहे, म्हणून दोन्ही देशांत चालणारा आणि दोर-बर्फाची चढाई स्पष्ट शब्दांत नमूद केलेला विमा घ्यावा. नेहमीच्या प्रवास विम्यात ही चढाई बहुधा वगळलेली असते.

घळ टाळण्यासाठी कॉस्मिक पर्वतनिवासाच्या बाजूने जाण्याचा पर्याय काही जण सुचवतात. त्या वाटेवर मों ब्लां द्यू ताकुल या शेजारच्या शिखराच्या उतारावर लटकणाऱ्या बर्फाच्या कड्यांखालून जावे लागते आणि चढाईही अधिक कठीण आहे, तेव्हा तो पर्याय अनुभवींनीच निवडावा. सामान्य माणसाने जूनचा शेवट किंवा जुलैचा आरंभ धरावा, गूतेच्या दोन रात्री आधी मिळवाव्यात आणि मगच विमानाचे तिकीट काढावे. रात्री पारा शून्याखाली जात नाही असा अंदाज असलेल्या आठवड्यात मार्गदर्शकाने नकार दिला तर त्याच्याशी वाद घालू नये. ग्रान पाराडिझो करून परतावे. तेही चार हजारांवरचेच आहे आणि त्याच्या नेहमीच्या वाटेवर अशी घळ नाही. उतरताना नी देग्लहून शेवटची गाडी कोणत्या वेळी सुटते ते आधी टिपून ठेवावे, कारण ती चुकली तर गुडघ्यांवर उरलेला सगळा उतार पायी संपवावा लागतो.